मोठ्या सिस्टरांचा आकडा

निजतापाची साथ आली तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात खाटा होत्या वीस आणि रोगी होते ऐंशी. म्हणून गावाबाहेरचं श्रीयश मंगल कार्यालय ताब्यात घेतलं गेलं. घाईत पाट्या काढायच्या राहून गेल्या. त्यामुळे पुरुष रोगी वरपक्षात झोपले, बायका वधूपक्षात, आणि अतिदक्षता विभाग भोजनकक्षात बसला. "वधूपक्षाकडे दोन ऑक्सिजन लागलेत," "वरपक्षातून एक डिस्चार्ज आहे," असं कर्मचारी एकमेकांना सांगत. पहिल्या आठवड्यात ऐकणारा हसायचा. दुसऱ्या आठवड्यात वरपक्ष हे शरीरशास्त्रातलंच काहीतरी असावं इतक्या सरावाने सगळे बोलू लागले.

छताला लग्नाची गुलाबी-पिवळी कापडं तशीच होती, कारण ती काढण्याएवढी उंच शिडी मंडपवाल्याकडे होती आणि मंडपवाला वरपक्षात झोपलेला होता. दुपारी त्या कापडांतून ऊन गाळून खाली यायचं आणि सगळा हॉल सरबतात बुडवल्यासारखा दिसायचा. त्या रंगीत उजेडात रोगी ओळीने झोपलेले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान, जणू पंगत उठली आणि पाहुणे आहेत तिथेच आडवे झाले. मधूनच कोणी झोपेत पुटपुटायचं, "पाणी किती निवांत आहे." पलीकडच्या खाटेवरून दुसरं कोणी, डोळे मिटलेलेच, उत्तर द्यायचं, "हो ना."

या झोपेतून तिघांतला एकच उठत होता.

वैजयंती कोठुळे तिथे कंत्राटी नर्स होती. वय सव्वीस, नोकरीला तीन वर्षं, कंत्राट दर अकरा महिन्यांनी नवं. तिच्या सगळ्या हालचालींत एक घाई होती, पण बोलणं मात्र संथ, त्यामुळे ती धावत येऊन सावकाश वाईट बातमी सांगायची. तिला शिकवलं होतं इन्चार्ज सिस्टर रिबेका आढाव यांनी. नोकरी एकतीस वर्षांची, त्यातली तीस रात्रपाळीचीच असावीत असा चेहरा. सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत. स्टेजवर नवरानवरीच्या दोन लाल मखमली खुर्च्या होत्या, हातांच्या जागी सोनेरी सिंह. तिथेच नर्सिंग स्टेशन थाटलं होतं. नवऱ्याच्या खुर्चीत मोठ्या सिस्टर बसत आणि तिथून साठ खाटांवर नजर ठेवत.

"वैजू, सतरा नंबरचं सलाइन संपतंय."

"तुम्हाला इथून दिसतं?"

"दिसत नाही गं. छातीत कळ येते."

ही कळ मोजायलाच ताणपट्ट्या आल्या.

*

माणसाच्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. संकट दिसलं की त्या कॉर्टिसॉल नावाचं रसायन रक्तात सोडतात. त्याच्या जोरावर माणूस पहाटे उठतो, कुत्रं मागे लागलं की पळतो आणि वरिष्ठांसमोर उभा राहतो. हेच रसायन थोडंथोडं घामातही उतरतं. ताणपट्टी म्हणजे कानामागे चिकटवायची, बिंदीएवढी चकती. ती घाम चाखायची आणि छातीवरच्या बिल्ल्यावर शून्य ते शंभरमधला आकडा दाखवायची. साथीत राबणाऱ्यांवर कामाचा ताण किती येतो ते मोजायचं आणि ज्याच्यावर फार येतो त्याला विश्रांती द्यायची, असा हेतू. हेतू खरोखर चांगला होता.

नियम साधा. आकडा पंचाहत्तरच्या वर गेला तर चोवीस तास सक्तीची सुट्टी. तीसच्या खाली राहिला तर फलकावर फोटो आणि खाली 'आदर्श कर्मचारी'.

पहिल्याच दिवशी पट्टी लावलेल्या पंधरापैकी अकरा जण पंचाहत्तरच्या वर निघाले आणि घरी गेले. उरलेल्या चौघांवर पंधरा जणांचं काम पडल्यामुळे तासाभरात तेही नव्वदला पोचले आणि घरी गेले. त्यानंतर चाळीस मिनिटं तो दवाखाना एकट्या बबनमामांनी चालवला. मामा वॉर्डातले सर्वांत जुने कर्मचारी. त्यांची पट्टी दमट कानामुळे चिकटतच नव्हती. त्यांनी साठ रोग्यांच्या अंगावरची पांघरुणं सारखी केली, दाराला आतून कडी घातली आणि जो येईल त्याला खिडकीतून सांगितलं, "सध्या मुहूर्त नाही." संध्याकाळी सुट्टीची मर्यादा पंचाण्णववर नेण्यात आली.

आणखी एक भानगड होती. प्रत्येकाचा घाम निराळा, म्हणून नुसत्या चकतीवर भरवसा नको. ड्यूटी संपताना प्रत्येकाने टॅबवर एकवीस प्रश्नांची उत्तरं द्यायची. हताश वाटलं का? जेवण गोड लागलं का? विनाकारण सुख वाटलं का? उत्तर शून्य ते चार. चकतीचा आकडा आणि माणसाचं उत्तर यांची सांगड घालून यंत्र एकेका माणसाला ओळखायला शिके. दोन्ही जुळेनासे झाले, तर त्या माणसाच्या नावापुढे लाल दिवा लागे आणि रक्ततपासणीचा आदेश निघे.

आता, वॉर्डात कोणत्याही रोग्याचा तक्ता उघडून पाहावा. श्वास मिनिटाला अठरा. शेजारच्याचा अठरा. त्याच्या शेजारच्याचाही अठरा. श्वास मोजायला पूर्ण एक मिनिट खाटेशी उभं राहावं लागतं, आणि अशी साठ मिनिटं कोणाकडे नसतात. म्हणून बघितल्यावर बरा दिसतो तो अठरा, ही नर्सिंगमधली जुनी लिपी. तिच्यात कोणाला खोटं वाटत नाही. वैजयंतीची बोटं टॅबवर भराभर चालायची, त्यामुळे तिसऱ्याच दिवसापासून जाता जाता प्रत्येक जण तिला म्हणू लागला, "वैजू, माझंही टाकून दे ना." तिने टाकले. पंधरा माणसं, एकवीस प्रश्न, चाळीस दिवस. सगळ्यांची सगळी उत्तरं दोन.

यंत्र शिकत राहिलं.

*

नेहमी नव्वदीत असणारा मोठ्या सिस्टरांचा आकडा सोमवारी एकाहत्तर होता. मंगळवारी पन्नास. बुधवारी एकतीस. गुरुवारी सकाळी बिल्ल्यावर हिरवागार नऊ आला, आणि बबनमामांनी फलकावर त्यांचा फोटो लावला.

डॉक्टर सुहास खटावकर या केंद्राचे प्रमुख, शिवाय ताणपट्टी प्रकल्पाचे स्थानिक अधिकारी. ते फोटोसमोर हात मागे बांधून उभे राहिले. "बघा. साठ रोगी, पंधरा माणसं, आणि नऊ! परवा मुंबईत सादरीकरण आहे माझं. मी पहिली स्लाइड यांचीच टाकतो."

"सर, काय करतात त्या वेगळं?" कोणीतरी विचारलं.

"स्वीकार," डॉक्टर म्हणाले. हे त्यांना त्याच क्षणी सुचलं होतं.

दिवसभर सगळे मोठ्या सिस्टरांच्या आसपास रेंगाळले, काही लागण होते का बघायला. मोठ्या सिस्टर लाल खुर्चीत मागे टेकून बसल्या होत्या. छतातून येणारा गुलाबी उजेड तळहातावर घेऊन तो बोटांतून सांडू देत होत्या. आठ नंबरच्या नातेवाइकाने बेल वाजवली. वैजयंती उठेपर्यंत तीनदा वाजली.

"सिस्टर, बेल..."

"ऐकतेय ना. छान वाजते. आजवर मी ती धड ऐकलीच नव्हती."

वैजयंती जाऊन आली. येईपर्यंत मोठ्या सिस्टरांनी चहात मीठ घातलं होतं. चिमूटभर नाही, चमचाभर. त्या तो चहा घुटक्याघुटक्याने पीत होत्या आणि वाऱ्याने हलणाऱ्या कापडांकडे बघत होत्या.

"साखर समजून मीठ घातलंत तुम्ही."

"मीठ समजूनच घातलं. घे तूही."

वैजयंतीला हसू आलं. बरं वाटलं. एकतीस वर्षांनी का होईना, बाई निवांत झाल्या.

*

दुपारी वरपक्षात एक नवा रोगी आला. त्याच्याबरोबर बायको, शेवंताबाई काळोखे, हातात नवऱ्याच्या चपला. वैजयंती माहिती लिहून घ्यायला बसली. ताप कधीपासून? कालपासून. झोप? काल संध्याकाळपासून उठलेच नाहीत.

"त्याआधी काही त्रास?"

"त्रास कसला, उलट लई खूश होते हो." शेवंताबाई चपलांकडे बघत म्हणाल्या. "चार दिवस. मिठाच्या बरणीत बोट घालायचे आन् चाटायचे. आन् मला इचारलं, जेवलीस का? सव्वीस वर्षांत कधी इचारलं नव्हतं. मला वाटलं, बाहेर काहीतरी लफडं हाय."

"मग?"

"मग मी भांडले. तर हे भांडंचनात. नुसतं हसत्यात. तवा मात्र मी भ्याले."

वैजयंतीने लिहिणं थांबवलं.

निजतापाचा विषाणू त्या टोपीसारख्या ग्रंथींत घर करतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ग्रंथी हळूहळू बंद पडतात, रसायन आटतं, शरीरातलं मीठ निसटतं, मग रक्तदाब कोसळतो आणि माणूस झोपतो. उपायही ठाऊक होता. तेच रसायन, हायड्रोकॉर्टिसोन, बाहेरून शिरेत द्यायचं. झोप लागल्यावर दिलं तर तिघांतला एक वाचे. झोपेच्या आधी दिलं तर? हे कोणी पाहिलंच नव्हतं. झोपेच्या आधीचे चार दिवस माणूस सुखात असतो, आणि सुखात असलेला माणूस दवाखान्यात येत नाही.

ती धावत स्टेजवर गेली आणि सावकाश म्हणाली, "सिस्टर, बीपी बघू द्या."

बसून शंभर. उभं केल्यावर अठ्ठ्याहत्तर.

आज चौथा दिवस होता. संध्याकाळी झोप.

तिने टॅब उघडला. मोठ्या सिस्टरांच्या नावापुढे लाल दिवा नव्हता. कसा असेल? विनाकारण सुख वाटलं का, दोन. काल दोन. परवा दोन. चकती ओरडून सांगत होती की बाई आटत चालल्या आहेत, आणि वैजयंतीच्या बोटांनी रोज संध्याकाळी यंत्राला समजावलं होतं की यांचं हे नेहमीचंच.

*

औषधाचा तुटवडा असल्यामुळे कपाटाला कुलूप यंत्राचं होतं. दाखल रोग्याचा नंबर घातल्याशिवाय ते उघडत नसे, आणि एका नंबरावर त्या रोग्यापुरतंच औषध मिळे. वैजयंतीने मोठ्या सिस्टरांना दाखल करायचा प्रयत्न केला. पडद्यावर अक्षरं आली: 'ही व्यक्ती आदर्श कर्मचारी आहे. दाखल करता येणार नाही. अभिनंदन.'

तिने पुन्हा प्रयत्न केला. यंत्राने पुन्हा अभिनंदन केलं.

डॉक्टर खटावकर भोजनकक्षाच्या मागे, भांडी ठेवायच्या खोलीत बसत. ते स्लाइडचा रंग निवडत होते.

"सर, मोठ्या सिस्टरांना निजताप आहे."

"वैजयंती, त्यांचा आकडा नऊ आहे."

"म्हणूनच."

तिने सगळं सांगितलं: मीठ, बेल, शेवंताबाई, रक्तदाब. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "पण मग यंत्राने लाल दिवा दिला असता. उत्तरं जुळतायत त्यांची. चाळीस दिवसांचा इतिहास आहे."

वैजयंतीने श्वास घेतला. तिचा स्वतःचा आकडा पंचाण्णव होता. आणखी एक वाढला असता तर तिला घरी जावं लागलं असतं.

"तो इतिहास मी लिहिलाय, सर. त्यांचे सगळे फॉर्म मी भरलेत. एकवीस वेळा दोन, रोज."

"त्यांचे?"

"सगळ्यांचे."

खोलीत पातेल्यांचा ढीग होता. त्यातलं एक उगाचच वाजलं.

"वैजयंती, हा गुन्हा आहे. तुझं कंत्राट तर जाईलच, वर चौकशी लागेल. सगळ्यांचे म्हणजे... किती जणांचे?"

"पंधरा." मग ती सावकाश म्हणाली, "तुमचेसुद्धा, सर. 'वैजयंती, माझंही टाकून दे,' म्हणाला होतात तुम्ही. सोळा तारखेपासून रोज."

डॉक्टरांनी स्लाइडकडे पाहिलं. स्लाइडवर उत्तरांचा एक फार सुंदर आलेख होता. चाळीस दिवस, पंधरा माणसं, एकसारखी, शांत, तळ्याच्या पाण्यासारखी रेघ. गेले तीन आठवडे त्यांना प्रश्न पडला होता की रेघ इतकी सुंदर कशी येते.

"कपाट उघडायचं असेल तर एकच वाट आहे," ते म्हणाले. "या केंद्राची सगळी माहिती खोटी आहे असं मला लिहून द्यावं लागेल. मग यंत्र आपल्याला विसरतं. सगळ्यांना. प्रकल्पच बंद होतो इथला, आणि त्याबरोबर कपाटाचं कुलूपही सुटतं."

"हो."

"आणि तुझा अंदाज चुकला तर?"

"तर मोठ्या सिस्टर उद्या सकाळी मला शिव्या देतील," वैजयंती म्हणाली. "फार बरं होईल, सर."

डॉक्टरांनी एक बोट उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग बटण दाबलं. यंत्राने विचारलं, नक्की? त्यांनी हो म्हटलं. यंत्राने विचारलं, कारण? डॉक्टरांनी टाइप केलं, 'आम्ही उत्तरं दिली नव्हती.' बाहेर कुठेतरी औषधाच्या कपाटाने टक् असा आवाज केला.

*

मोठ्या सिस्टर लाल खुर्चीत होत्या. उजेड कलला होता, गुलाबी जाऊन पिवळा आला होता. वैजयंतीने ट्रे नवरीच्या खुर्चीत ठेवला आणि स्वतः जमिनीवर बसली.

"सिस्टर, तुम्हाला..."

"मंगळवारीच कळलं मला," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "एकतीस वर्षं झाली गं. आपल्याला काय झालंय ते कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होते." त्यांनी तळहात उलटा-सुलटा करून पाहिला. "मंगळवारी सकाळी उठले तर खांद्यावर कोणी नव्हतं. इतकी वर्षं खांद्यावर कोणीतरी बसलेलं असतं बघ. जेवताना, अंघोळ करताना, चर्चमध्येसुद्धा. सतराचं सलाइन, बाविसाव्याचा ऑक्सिजन. ते उतरूनच गेलं. म्हटलं, आजचा दिवस राहू दे. मग बुधवार आला."

"आणि आज चौथा दिवस आहे."

"हो. लांबवर पाणी दिसायला लागलंय." त्या हॉलच्या पार टोकाकडे बघत होत्या. तिथे भिंत होती. "काठावर आपली माणसं बसलीत. कोणालाही काहीही लागत नाहीये. मला जाऊ दे ना, वैजू."

वैजयंतीने येताना पुष्कळ वाक्यं तयार केली होती. औषधाचं, रक्तदाबाचं, तिघांतल्या एकाचं. हे सगळं या बाईंनीच तिला शिकवलं होतं. आणि जिने एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या बेलला उत्तर दिलं, तिला आता पाण्याकाठी बसू द्यायचं नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

"सिस्टर," ती म्हणाली, "मला भीती वाटतेय."

मोठ्या सिस्टरांनी कुतूहलाने तिच्याकडे पाहिलं. "कशी असते गं ती? मला आठवतच नाहीये."

"पोटात गार पडतं. हात थरथरतात. हे बघा."

मोठ्या सिस्टरांनी थरथरणारे हात पाहिले. चेहरा होता तसाच निवांत राहिला, काळजीची एक रेघ उमटली नाही. पण कोणी भीती वाटते म्हटलं की आपला हात पुढे करायचा, ही त्यांची सवय कॉर्टिसॉलपेक्षा जुनी होती. त्यांनी हात पुढे केला.

वैजयंतीने तो धरला, कोपराच्या वर पट्टा आवळला आणि सुई घातली. पहिल्याच खेपेला शीर सापडली. थरथरत्या हातांनी तिला याआधी कधी सापडली नव्हती.

"अगं," मोठ्या सिस्टर स्वप्नात बोलल्यासारखं म्हणाल्या, "हा हात मी तुझ्यासाठी दिला होता."

"माहितीये मला," वैजयंती म्हणाली आणि औषध सावकाश आत ढकललं.

*

यंत्र सगळ्यांना विसरलं होतं, पण चकती घाम चाखतच होती. मोठ्या सिस्टरांना स्टेजवरच खाट लावली. उशाशी बबनमामा बिल्ला वाचत बसले. तास गेला. नऊ. दुसरा तास. नऊ. मोठ्या सिस्टरांचे डोळे मिटू लागले आणि ओठ हलले, "पाणी किती..."

खाली वरपक्षातून कोणी तरी झोपेत म्हणालं, "हो ना."

"ताई," मामा हळूच म्हणाले, "अकरा झाले."

वैजयंतीने दुसरं इंजेक्शन दिलं, सलाइन वाढवलं. बाहेर मंडपाच्या कमानीवर चिमण्या उतरत होत्या. चौदा. एकोणीस. मामा आकडे एखाद्या लहान बाळाचं वजन सांगावं तसे सांगत होते. तेहेतीस. कापडातला पिवळा उजेड विझला, कोणीतरी ट्यूबलाइट लावल्या आणि हॉल एकदम साधा, पांढरा, दवाखान्यासारखा दिसू लागला. बावन्न.

अडुसष्टला मोठ्या सिस्टरांनी डोळे उघडले. त्या छताकडे बघत पडून राहिल्या. मग त्यांनी वैजयंतीकडे मान वळवली. हा चेहरा वैजयंतीच्या ओळखीचा होता.

"चार दिवसांत कोण कोण गेलं?"

"सिस्टर, तुम्ही आधी..."

"मृत्यूच्या दाखल्यांवर मी न वाचताच सह्या केल्यात, वैजू. सह्या केल्या आणि चहा प्यायले. नावं सांग."

वैजयंतीने नावं सांगितली. पाच होती. प्रत्येक नावाला मोठ्या सिस्टर मान हलवत होत्या. मामांनी आकडा वाचायचं थांबवलं आणि बिल्ला उशीखाली सरकवला.

"पाचवी ती मुलगी," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "तिची आई माझा पदर धरून बसली होती. मी तिला काय म्हटलं, माहितीये? मी म्हटलं, किती छान झोपलीय."

वैजयंतीने त्यांचं पांघरूण वर ओढलं.

"तुला मी आज काही बोलणार नाही. उद्या बोलेन. काय वाटेल ते बोलेन, तयारीत राहा. आता पडदा ओढ आणि बाहेर उभी राहा. कोणालाही आत सोडायचं नाही. मामा, तुम्हीपण चला."

वैजयंतीने पडदा ओढला. मामा पांघरुणं सारखी करायला खाली गेले. ती पडद्याला पाठ लावून, त्याच्या कडा हातांनी मागे धरून उभी राहिली. पडद्यामागे आधी काहीच नव्हतं. मग आवाज आला. एकतीस वर्षं मागच्या दाराने परत पाठवलेलं सगळं एकदम पुढच्या दाराने यावं तसा आवाज. वैजयंतीच्याही गालांवरून पाणी वाहू लागलं. तिने ते पुसलं नाही. पुसलं असतं तर पडद्यापासून हात काढावा लागला असता.

डॉक्टर खटावकर जवळजवळ धावतच स्टेजच्या पायऱ्या चढून आले. त्यांच्या हातात तिच्या निलंबनाचा मेमो होता, आणि त्याखाली त्यांच्या स्वतःच्या राजीनाम्याचा कागद. मुंबईहून दोन्ही आत्ताच मागवले होते.

"मोठ्या सिस्टर कुठायत? यावर इन्चार्जची सही लागते."

"थांबावं लागेल, सर," वैजयंती म्हणाली. "त्या कामात आहेत."

डॉक्टरांनी पडद्यामागचा आवाज ऐकला. हातातले कागद घडी करून त्यांनी खिशात घातले. मग ते तिच्या शेजारी, पडद्याला पाठ लावून, उभे राहिले.